डिफेन्सच्या ऑर्डरी छोट्या वर्कशॉपला खरंच मिळतात का?

भोसरीकर_सीएनसी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. आमचं भोसरी एमआयडीसीत वर्कशॉप आहे, दोन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारी लेथ), तीन व्हीएमसी (तशीच मिलिंगची मशीनं) आणि बाबांच्या काळातलं एक ग्राइंडर जे अजून सगळ्यात भरवशाचं आहे. काम जवळपास सगळं ऑटोचं, तेही टिअर टू ला, म्हणजे आमच्या डोक्यावर अजून दोघं बसलेत. दरवर्षी पर्चेसवाला बोलावतो, चहा पाजतो आणि म्हणतो रेट कमी करा. त्यात ईव्ही आल्यापासून इंजिनाचे पार्ट अजून किती वर्षं चालतील ही धाकधूक आहेच.

तर डोक्यात आलंय की डिफेन्समध्ये शिरावं. पुण्यात राहून हे सुचायला इतका वेळ लागला हेच नवल, पाषाणला एआरडीई, सुतारवाडीला एचईएमआरएल, दिघीला आर अँड डीई या डीआरडीओच्या लॅब, खडकीत दोन ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, देहूरोडला एक. रोज त्यांच्या भिंतीला लागून गाडी चालवतो पण भिंतीच्या आत माल कसा जातो ते कोणालाच धड सांगता येत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो एजंट गाठ. एक जण भेटला पण, म्हणे दोन टक्के द्या, साहेब आपलेच आहेत.

उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) आहे, आयएसओ ९००१ आहे, जीएसटी वेळच्या वेळी भरतो. सुरुवात कुठून करू? जेम, म्हणजे सरकारी खरेदीचं पोर्टल? सृजन पोर्टल? की सरळ फॅक्टरीच्या गेटवर जाऊन उभा राहू?

फटकळ

गेटवर उभा राहिलास तर तिथला जवान तुझंच इन्स्पेक्शन करेल. बाकी दोन टक्केवाल्याचे साहेब 'आपलेच' असते तर तो स्वतः सप्लायर झाला असता ना राव, दोन टक्क्यांवर का जगला असता. ब्लॉक कर त्याला.

खडकीचे_काका

माझी उभी नोकरी ऑर्डनन्स फॅक्टरीच्या खरेदी विभागात गेली, कंपन्या झाल्यावर थोड्याच दिवसांत निवृत्त झालो. फटकळ म्हणतात ते बरोबर. असले लोक करतात काय, पाच जणांकडून 'काम करून देतो' म्हणून पैसे ठरवतात, पाचातल्या एकाला टेंडर आपसूक मिळतंच, त्याच्याकडून घेतात आणि उरलेल्या चौघांना सांगतात वरून दबाव आला. वर पुन्हा टेंडरात तुम्ही सही करून देता की एजंट नेमलेला नाही, कमिशन दिलेलं नाही. सापडलात तर ऑर्डर तर जाईलच, काळ्या यादीत नाव जाईल ते वेगळं.

आता मुद्द्याचं. बाळा, तू 'डिफेन्स' म्हणतोयस ते एक गिऱ्हाईक नाही. आमचं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला गेलं आणि ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. दारूगोळा म्युनिशन्स इंडियाकडे, तिचं मुख्यालय पुण्यातच, खडकी देहूरोड वरणगाव चांदा हे तिचे. यंत्र इंडिया नागपूरला, तिच्याकडे अंबाझरी, भुसावळ, अंबरनाथ वगैरे. या लोकांना माल हजारांत लागतो, वर्षानुवर्षं लागतो, पण भाव अगदी घासून. लॅबचं उलट. एआरडीईला एखादं फिक्श्चर किंवा प्रोटोटाइपचे पाच नग हवे असतात, ड्रॉइंग मधेच बदलतं, शास्त्रज्ञ दोनदा शॉपवर येतात, डोकं खातात, पण शिकायला तिथेच मिळतं आणि ती वस्तू पुढे उत्पादनात गेली तर ती बनवता येणारा माणूस म्हणून तुझं नाव त्यांच्या तोंडात असतं. तिसरे म्हणजे प्रत्यक्ष सेनेचे डेपो आणि बेस वर्कशॉप, खडकीचं ५१२ आहे तसं, त्यांना दुरुस्तीचे स्पेअर लागतात. आणि चौथे खासगी मोठे लोक, तळेगावला एल अँड टी आहे, भारत फोर्जवाले आहेत, नागपूरला सोलर आहे. तुझ्यासारख्यानं आधी या चौथ्याचं काम धरावं असं माझं स्पष्ट मत. तिथे टेंडर नाही, बयाणा नाही, तुझं मशीन बघतात, सॅम्पल बघतात आणि काम देतात. दोन वर्षं ते केलंस की हातात चालानं असतात, टेस्ट रिपोर्ट असतात, मग सरकारी टेंडरात 'पूर्वानुभव' या रकान्यात लिहायला काहीतरी असतं.

टेंडर निघाल्यावर जो जागा होतो त्याला ते क्वचित मिळतं. टेंडरला मुदत दोनतीन आठवड्यांची, तेवढ्यात मटेरियलचा सोर्स शोधणं, गेज बनवायला टाकणं, हीट ट्रीटमेंटवाल्याशी बोलणं होत नाही, मग माणूस अंदाजपंचे रेट भरतो. जास्त भरला तर गेला, कमी भरला आणि मिळालं तर मेला.

टेंडरवाला

काकांना +१. मी टेंडर भरून देण्याचंच काम करतो (एजंट नाही हो, फॉर्म भरणारा, हाहा).

तीन ठिकाणी लक्ष ठेव. जेम, हे २०१६ पासून, आता बहुतेक खरेदी इथूनच होते. दुसरं डिफेन्सचं स्वतःचं ईप्रोक्युरमेंट पोर्टल, त्याला क्लास थ्री डिजिटल सही लागते, ती आधीच करून ठेव, शेवटच्या दिवशी टोकन चालत नाही म्हणून रडणारे दर आठवड्याला येतात माझ्याकडे. तिसरं सृजन, हे २०२० चं, इथे टेंडर नसतात तर डिफेन्स कंपन्या जे पार्ट बाहेरून आणतात त्यांची यादी असते, तुला वाटलं हे मी बनवू शकतो तर रस दाखवायचा, मग ते बोलावतात. तुझ्यासाठी हे सोन्यासारखं आहे कारण यादीत बुश, पिन, हाउसिंग, सील असलंच बरंच आहे, सगळं रॉकेट सायन्स नाही.

उद्यम आहे म्हणालास, त्यात 'मॅन्युफॅक्चरिंग' आहे ना बघ. ट्रेडिंग असेल तर खरेदी धोरणाचे फायदे नाहीत, आणि सूक्ष्म किंवा लघु असलं पाहिजे, मध्यमला नाहीत. फायदे म्हणजे बयाणा रक्कम माफ, टेंडर फी माफ, आणि खरा फायदा हा की तुझा रेट एल वनच्या (सगळ्यात कमी भाव भरणाऱ्याच्या) १५ टक्क्यांच्या आत असेल आणि एल वन स्वतः लघुउद्योग नसेल तर तुला एल वनच्या भावाला यायची संधी देऊन निदान २५ टक्के माल तुझ्याकडून घेता येतो. २०१२ चं धोरण आहे हे. ३५८ वस्तू तर फक्त सूक्ष्म-लघुसाठीच राखीव आहेत.

एक पाहून ठेव, जेमच्या बिडात वरच्याच भागात एक ओळ असते, अनुभव आणि टर्नओव्हरची सूट लघुउद्योगाला आहे की नाही. तिथे 'नाही' असेल तर पुढची ८० पानं वाचूच नकोस.

अंबाझरी_कर

नागपूरहून लिहून राहिलो. टेंडरवाले भाऊ फायदेच सांगून राहिले, जरा आरए पण सांगा ना. रिव्हर्स ऑक्शन म्हणजे स्क्रीनसमोर बसायचं, आपला भाव दिसतो, खालचा भाव दिसतो, कोण टाकून राहिला ते दिसत नाही. शेवटच्या मिनिटाला कोणी खाली टाकला की वेळ वाढते, पुन्हा टाकला पुन्हा वाढते. आमच्या हिंगण्याच्या एका पोरानं मटेरियल धरून जो खर्च येतो त्याच्याही खाली बटन दाबलं, काहून तर म्हणे जिद्द आली होती. ऑर्डर घेतली, मग तिचे हप्ते फेडल्यासारखा फेडत बसला वर्षभर. बसायच्या आधी एका कागदावर शेवटचा आकडा लिहा, बायकोच्या हातात द्या, त्याच्याखाली जायचं नाही.

आणि जिंकल्यावर खरी गंमत सुरू होते बरं का, इन्स्पेक्शन. ऑटोवाल्याला वाटते आपण मायक्रॉनमध्ये खेळतो, हे काय अवघड. डायमेन्शन अवघड नसतेच. कागद अवघड असते. मी पाहिलेली गोष्ट सांगतो, कारखान्याचं नाव नाही सांगत. लॉट तयार, टेबलावर हिरवा कपडा टाकून नग मांडलेले, इन्स्पेक्टर साहेब आले. नग उचलायच्या आधी थ्रेड गेज उचललं, त्याच्यावर कोरलेला नंबर वाचला आणि म्हणे याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट द्या. दिलं. तारीख मागच्या आठवड्यात संपलेली. साहेबानं गेज खाली ठेवलं, चहा पिला, आणि गेले. एकही नग मोजला नाही. पुढची तारीख मिळेपर्यंत माल तिथेच पडून, आणि डिलिव्हरीची मुदत तर चालूच ना भाऊ. कोणी म्हणेल साहेब खडूस. मले नाही वाटत. तो पार्ट उद्या दारूगोळ्याच्या फ्यूजमध्ये बसणार, थ्रेड चुकला तर कोणाच्या हातात फुटेल?

भोसरीकर_सीएनसी

बाप रे. हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग इन्स्पेक्शनला नेमकं काय काय मागतात? आमच्याकडे पीपॅप (पार्ट मंजुरीची कागदपत्रं) वगैरे करतोच की ऑटोला.

खडकीचे_काका

पीपॅप करतोस म्हणजे अर्धं काम येतंय, घाबरू नकोस. फरक असा की ऑटोत एकदा मंजुरी मिळाली की पुढे तुझ्या प्रोसेसवर विश्वास ठेवतात, इथे प्रत्येक लॉटवर ठेवावा लागतो. टेंडरबरोबर क्यूएपी येतो, क्वालिटी अश्युरन्स प्लॅन. तो ड्रॉइंगच्या आधी वाच, मी तर म्हणतो रेट भरायच्या आधी तोच वाच. कच्च्या मालाचं मिल सर्टिफिकेट, त्यावरचा हीट नंबर (स्टील ज्या एका वितळणीतून आलं तिचा नंबर), त्याच हीट नंबरचा एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबचा केमिकल आणि मेकॅनिकल रिपोर्ट, आणि तोच नंबर बारवर, कापलेल्या तुकड्यावर, ट्रेवर दिसला पाहिजे. बऱ्याच जणांचा इथे घोळ होतो, दोन हीटचे बार एकाच रॅकमध्ये.

मग पायलट सॅम्पल. थोडे नग आधी बनवून द्यायचे, ते तपासून, लागलं तर चाचणी घेऊन पास झाले की बीपीसी मिळते, म्हणजे बल्क प्रॉडक्शन क्लिअरन्स. ती यायच्या आधी अख्खा लॉट बनवायचा नाही, मशीन रिकामं आहे म्हणून मोह होतो. नंतर डीजीक्यूए (संरक्षण खात्याचे गुणवत्ता तपासणारे) किंवा ज्यांचं इन्स्पेक्शन ठरलंय ते येतात, पास झालं की आय-नोट, म्हणजे माल पास झाल्याचा कागद. आय-नोट हातात नाही तर ट्रक हलवायचा नाही.

इलेक्ट्रॉनिक्स असेल तर जेएसएस ५५५५५ या लष्करी मानकाच्या चाचण्या, उष्णता, थंडी, धूळ, हादरे, मिठाचा फवारा. तुला सध्या त्याची गरज नाही.

गार्गी_एम्बेडेड

इलेक्ट्रॉनिक्सचा विषय निघाला म्हणून लिहिते, आमचं स्टार्टअप आहे, सेन्सर आणि एम्बेडेड. आम्ही टेंडरच्या रस्त्यानं गेलोच नाही, आयडेक्सनं गेलो. २०१८ ला सुरू झालेली योजना, सेनादलं त्यांच्या अडचणी 'चॅलेंज' म्हणून जाहीर करतात, तुम्ही उत्तर मांडायचं, निवड झाली तर दीड कोटीपर्यंत ग्रँट, आयडेक्स प्राइममध्ये दहा कोटीपर्यंत, आणि २०२४ पासून अदिती आहे त्यात पंचवीस कोटीपर्यंत. ऐकायला भारी वाटतं पण दोन गोष्टी ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असतात. एक, ग्रँट म्हणजे तेवढाच वाटा तुम्हीही घालायचा, आणि पैसे टप्प्याटप्प्यानं, टप्पा पूर्ण झाल्याचं मान्य झालं की. दोन, प्रोटोटाइप पास झालं म्हणजे ऑर्डर आली असं नाही, त्याच्यानंतर युजर ट्रायल, मग खरेदीची वेगळी प्रक्रिया, मग किमतीच्या वाटाघाटी. आमच्या ओळखीतले एक जण प्रोटोटाइपनंतरच्या त्या मधल्या काळात पगार करता न आल्यानं टीम गमावून बसले, वस्तू उत्तम होती.

पण एक सांगते, सगळ्यात उपयोगी ठरलं ते युजरशी बोलणं. आमच्या बॉक्सला मागच्या बाजूला कनेक्टर होता, लॅबमध्ये कोणालाच खटकला नाही. ट्रायलला एका हवालदारानं हातमोजे घालून तो लावायचा प्रयत्न केला आणि लागेना. सियाचिनला मोजे काढून लावणार का, एवढंच म्हणाला. पूर्ण एन्क्लोजर बदललं आम्ही.

आणि हो, चिनी पार्ट. २०२५ च्या सुरुवातीला सेनेनं ४०० ड्रोनचे तीन करार रद्द केले, चिनी भाग सापडले म्हणून. ड्रोनच काय, तुमच्या बोर्डवरचा रेडिओ मॉड्यूल कुठून आला हे पण विचारतात आता. बीओएम (सुट्या भागांची यादी) मधल्या प्रत्येक ओळीला मूळ देश लिहून ठेवा, विचारल्यावर शोधायला बसू नका.

फटकळ

सगळं छान छान. पण ताई, शेवटी ठरावीक मोठ्यांनाच मिळतं हो सगळं. पात्रतेच्या अटीच अशा लिहितात की एकच कंपनी बसेल. 'आत्मनिर्भर' पोस्टरवर.

गार्गी_एम्बेडेड

@फटकळ, अटी बेतलेल्या असतात कधी कधी, नाही म्हणत नाही. मग प्री-बिड मीटिंगला जाऊन लेखी विचारायचं की ही अट का आहे. उत्तर सगळ्यांना द्यावं लागतं. आमच्या एका टेंडरात परदेशी सर्टिफिकेटची अट अशीच प्रश्न विचारल्यावर निघाली. घरी बसून पोस्टरला नावं ठेवून निघाली नसती.

मेरीलँडची_मावशी

धागा आवडला. मी मेरीलँडमध्ये, फोर्ट मीडपासून फार लांब नाही, म्हणजे एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचं मुख्यालय. माझ्या कामाबद्दल लिहिता येत नाही पण जे जाहीर आहे ते सांगते, तुलना म्हणून.

इथे लोकांना वाटतं एनएसएला काही विकायचं म्हणजे कोणीतरी काळा चष्मावाला येणार. प्रत्यक्षात सुरुवात दोन फॉर्मनी होते. सरकारच्या सॅम पोर्टलवर नोंदणी आणि एजन्सीच्या स्वतःच्या एआरसीमध्ये नोंदणी, ऍक्विझिशन रिसोर्स सेंटर. एजन्सी बाजारात कोण आहे हे आधी त्या यादीत बघते. छोट्या कंपन्यांसाठी वेगळं ऑफिसही आहे, आणि एकूण अमेरिकी सरकारचं ध्येय असतं २३ टक्के काम छोट्या उद्योगांना, तुमच्या २५ टक्क्यांसारखंच.

खरी अडचण क्लिअरन्सची, म्हणजे गुप्त कामासाठीच्या सुरक्षा मंजुरीची. कंपनीला फॅसिलिटी क्लिअरन्स लागतो आणि तो स्वतःहून अर्ज करून मिळत नाही, सरकारी खात्यानं किंवा आधीच क्लिअरन्स असलेल्या प्राइमनं (मुख्य कंत्राटदारानं) शिफारस करावी लागते. शिफारस कधी, तर काम असेल तेव्हा. काम कधी, तर क्लिअरन्स असेल तेव्हा. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्नाशिवाय वेड जात नाही, तसलं. म्हणून सगळे छोटे लोक आधी मोठ्या प्राइमच्या हाताखाली सब (उपकंत्राटदार) म्हणून शिरतात, काकांनी भोसरीकरांना जो रस्ता सांगितला अगदी तोच. कंपनीत परदेशी मालकी किती हे तपासतात. माणसांचा क्लिअरन्स फक्त नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना नाही, त्यामुळे आपली एच वन बी वरची मंडळी या वाटेला येऊच शकत नाहीत. आणि या एजन्सीच्या बऱ्याच कामांना पॉलिग्राफ. क्लिअरन्स यायला इतका वेळ लागतो की आधीच क्लिअर्ड असलेला माणूस हीच इथली खरी भांडवली वस्तू, कंपन्या विकत घेतल्या जातात त्या त्यांच्या माणसांसाठी.

फटकळ यांच्यासाठी: मोठ्यांचीही भांडणं होतात. २०२१ मध्ये एनएसएनं दहा अब्ज डॉलरपर्यंतचं क्लाउडचं काम ऍमेझॉनला दिलं, मायक्रोसॉफ्टनं जीएओकडे (सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेकडे) दाद मागितली, जीएओनं मूल्यमापनात त्रुटी आहेत असं म्हटलं, एजन्सीनं पुन्हा मूल्यमापन केलं आणि २०२२ मध्ये काम परत ऍमेझॉनलाच दिलं. दाद मागायची सोय आहे, पण दाद मागितली की कंत्राट मिळतंच असं नाही.

अंबाझरी_कर

मावशी, आमच्याकडे दाद मागणारा पुढच्या टेंडरले वास येऊन राहिल्यासारखा वाटतो खरेदीवाल्याले. कायद्यानं काही नाही होत, पण माणसंच ती.

ताळेबंद

सीए आहे, भोसरी-चाकणमधले असे बरेच क्लायंट पाहिले. टेंडर, इन्स्पेक्शन सगळं झालं, आता पैशाचं कोणीच बोललं नाही म्हणून.

समजा ४० लाखांची ऑर्डर. परफॉर्मन्स सिक्युरिटी (काम पुरं करण्याची अनामत) पाच टक्के धरली तर दोन लाख बँक गॅरंटीत अडकले, बँक त्याच्यावर एफडी मागणार. स्पेशल ग्रेडचं स्टील, ते रोख, आणि मिलची किमान मात्रा तुमच्या गरजेपेक्षा जास्त. गेज, फिक्श्चर, लॅब टेस्ट. पायलट सॅम्पल दिल्यावर क्लिअरन्स यायला महिने लागू शकतात, तेवढे दिवस स्टील शेडमध्ये पडून आणि कॅश क्रेडिटचं व्याज चालू. हे व्याज रेटमध्ये धरलेलं मी जवळपास कोणाच्याच कॉस्टिंगमध्ये पाहिलेलं नाही. मशीन अवर रेट पैशापर्यंत काढतात आणि हे शून्य.

उशीर झाला तर एलडी, म्हणजे उशिराची कपात, नेहमीचा हिशोब आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल दहा टक्के, उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर. म्हणजे दहा लाखांचा माल सहा आठवडे उशिरा गेला तर तीस हजार कापले. १ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन डिफेन्स प्रोक्युरमेंट मॅन्युअल लागू झालंय, २००९ चं गेलं, त्यात स्वदेशीकरणाच्या कामात डेव्हलपमेंटच्या काळात एलडी नाही, ही चांगली सुधारणा. पण ते सेनादलं आणि मंत्रालयाखालच्या आस्थापनांना, कंपन्यांचं खरेदीचं पुस्तक वेगळं, त्यामुळे ज्या गिऱ्हाइकाचं टेंडर त्याच्याच अटी वाचा.

पेमेंट. जेमवर माल मिळून स्वीकारला की सीआरएसी (माल स्वीकारल्याचं सर्टिफिकेट) बनते, कन्साइनीनं (माल घेणाऱ्यानं) ती काढायची असते, ती निघाली की पैशांचं घड्याळ सुरू. ती निघेपर्यंत फोन करत राहा, नम्रपणे. एमएसएमई कायद्याप्रमाणे ४५ दिवसांत पैसे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दरानं दरमहा चक्रवाढ व्याज, सरकारी पोर्टलवर तक्रार. प्रत्यक्षात पुढची ऑर्डर जाईल या भीतीनं तक्रार करणारे थोडेच. त्यापेक्षा ट्रेड्स (बिलावर आधी पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच) वापरा, मोठ्या सरकारी कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, त्यांनी बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, तुम्हाला पैसे आधी मिळतात आणि नंतर गिऱ्हाइकानं नाही भरले तरी तुमच्यावर येत नाही. व्याज थोडं जातं, झोप येते.

माझं मत विचाराल तर पहिली तीन वर्षं डिफेन्स एकूण उलाढालीच्या वीस-पंचवीस टक्क्यांवर जाऊ देऊ नका. ऑटोचा पर्चेसवाला रेट कापतो पण महिन्याला पैसे देतो, त्याच्याच जिवावर हे पोसायचंय.

टेंडरवाला

ताळेबंद साहेब, फ्रेम करून लावावी अशी पोस्ट. एकच जोड, लोकल कंटेंटचं, म्हणजे मालातल्या देशी वाट्याचं सर्टिफिकेट. ५० टक्के किंवा जास्त असेल तर क्लास वन सप्लायर, स्वतः लिहून द्यायचं असतं म्हणून लोक डोळे झाकून लिहितात. खोटं निघालं तर दोन वर्षांपर्यंत बाहेर.

नवशिका_सातारा

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न, नुसते टर्न केलेले पार्ट द्यायलाही डिफेन्सचं लायसन्स लागतं का? शस्त्र कायदा वगैरे?

खडकीचे_काका

बहुतेक सुट्या पार्टना, कास्टिंग-फोर्जिंगना नाही लागत. २०१४ साली परवान्याची यादीच कापली, पूर्ण शस्त्र, दारूगोळा, स्फोटकं, चिलखती गाड्या असलं करणार असाल तर लागतो. परवानाधारकांसाठी सुरक्षेची वेगळी नियमावली आहे, भिंत किती उंच, कॅमेरे कुठे, कोणाची पोलीस पडताळणी. परवाना नसला तरी शासकीय गुपिते कायदा १९२३ चा, तो सगळ्यांनाच लागू.

भोसरीकर_सीएनसी

सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांना पण वाचून दाखवला धागा, ते ताळेबंद साहेबांच्या वीस टक्क्यांवर खूश झाले, बाकी सगळ्यावर मान हलवली फक्त.

आता ठरवलंय ते असं. सरकारी टेंडर यंदा नाही. तळेगाव साइडच्या एका मोठ्या व्हेंडरकडे ओळखीनं नाही तर रीतसर मेल करून प्रोफाइल पाठवलं होतं, त्यांचा माणूस शॉप बघायला येतोय. सृजनवर बसून दोन आयटम शोधलेत, दोन्ही बुश टाइप, आमच्या ग्राइंडरच्या टप्प्यातले. एका रॅकचे तीन रॅक केले, हीट नंबरप्रमाणे रंग मारायला सुरुवात केली, पोरं हसतायत पण करतायत. दोन टक्केवाला ब्लॉक.

एक अडलंय. एका ओळखीच्याकडून एक जुनं ड्रॉइंग बघायला मिळालं, त्यात एका डायमेन्शनवर जो टॉलरन्स लिहिलाय तो मला कळत नाहीये, फोटो खाली टाकतोय, ड्रॉइंग नंबर पण आहे कोपऱ्यात, काका जरा बघता का?

खडकीचे_काका

आधी तो फोटो इथून काढून टाक. आत्ता. मग पुढचं वाच.

रागवत नाही, पण हे पहिल्या दिवसापासून अंगात भिनलं पाहिजे. ड्रॉइंग टेंडरसोबत मिळालेलं असो की कोणाकडून बघायला मिळालेलं, ते तुझं नाही. मोबाइलवर फोटो नाही, व्हॉट्सऍपवर हीट ट्रीटमेंटवाल्याला पाठवायचं नाही, त्याला लागेल तेवढंच डायमेन्शन वेगळ्या कागदावर काढून द्यायचं. २०२३ साली याच पुण्यात डीआरडीओच्या वरिष्ठ शास्त्रज्ञाला एटीएसनं अटक केली होती, व्हॉट्सऍपवरून पाकिस्तानी हेराशी संपर्क ठेवून माहिती दिल्याच्या आरोपावरून. एवढ्या मोठ्या माणसाची ती गत, तर तुझ्या शॉपवरच्या ऑपरेटरनं स्टेटसला नग ठेवला तर काय होईल विचार कर. शॉपमध्ये येताना मोबाइल बाहेरच्या कपाटात, हा नियम तळेगावचा माणूस यायच्या आधी लाव, तो बघतो हे.

ज्यानं ड्रॉइंग दिलं त्यालाही सांग की पुन्हा देऊ नकोस.

संपादक

फोटो धाग्यातून आणि सर्व्हरवरूनही काढला आहे. कोणी उतरवून घेतला असल्यास कृपया डिलीट करावा.

भोसरीकर_सीएनसी

फोनमधूनही उडवला काका. कपाटाचं आजच सांगतो सुताराला.

टॉलरन्सचं जेव्हा रीतसर ड्रॉइंग मिळेल तेव्हा त्यांच्याच क्वालिटीवाल्याला विचारतो. गेजचं मात्र इथे विचारायला हरकत नसावी, स्टॅंडर्ड मेट्रिक थ्रेड आहेत, भोसरीत एनएबीएलवाला कॅलिब्रेशनला किती दिवस घेतो साधारण?

अंबाझरी_कर

किती का घेईना भाऊ, तू दोन सेट बनव. एक त्याच्याकडे गेला तरी दुसरा टेबलावर पाहिजे, आणि दोघांच्या तारखा सहा महिन्यांच्या फरकानं ठेव.